गिरजाबाईचे वाल

सकाळी दूध नासलं, तिथून सुरुवात झाली. सरूनं पातेलं गॅसवर चढवलं आणि ती कपबशा घ्यायला वळेपर्यंत पाणी एकीकडं आणि चोथा एकीकडं झाला. "मामा, दूध फाटलं," ती आतून म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची, सासूला आत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या हैबतरावांनी "बरं" म्हटलं. दुधाचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. दूध आहे, नासायचंच. पण पहाटे जाग आल्यापासून त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय हे आता त्यांच्या ध्यानात आलं. घर गप्प होतं. फ्रीजच्या वरच्या कप्प्यामागचा पंखा गेले कितीतरी महिने घासत होता. खर्र करायचा, दमल्यासारखा थांबायचा, पुन्हा खर्र. शिवा, त्यांचा मुलगा, वैतागून म्हणायचा की हे धूड भंगारात घाला, मी नवा आणतो. हैबतराव नको म्हणायचे. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागं काढलेला माणूस. गाडी कुरकुरते तोवर ती चालते आणि ड्रायव्हरनं भ्यायचं ते कुरकुर थांबल्यावर, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. आज कुरकुर थांबली होती. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी फ्रीजचं वरचं दार उघडलं. उजव्या कोपऱ्यात स्टीलचा डबा होता. त्याच्यावर नेहमी पांढरा बर्फ धरलेला असे. आज डबा ओला होता.

त्या डब्यात वाल होते. त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईनं सोललेले. अंथरूण धरायच्या आदल्या दुपारी ती याच फरशीवर पाय लांब करून बसली होती. मांडीवर परात, परातीत कोमट पाण्यात मोड आलेले कडवे वाल. अर्धे तिनं त्याच दिवशी रांधले, अर्धे डब्यात भरून वर ठेवले. "शिवाला सुट्टी पडली की करीन बिरडं," म्हणाली. शिवा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टवर. त्याला सुट्टी पडली ती आईला खांदा द्यायला. तेरावं झाल्यावर हैबतरावांनी पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला तर डबा समोर. माणूस गेलं, त्याची लुगडी वाटून झाली, चष्मा कुठंतरी हरवला, आणि हा डबा मात्र भरलेला, झाकण घट्ट लावलेलं, जणू बाई शेजारी जाऊन आत्ता येते. त्यांनी तेव्हाच घरात सांगून टाकलं की याला कुणी हात लावायचा नाय. वर्षश्राद्धाच्या वेळी सरू भीतभीत म्हणाली होती, "मामा, त्या वालांचं बिरडं करू का? पानावर वाढता येईल, आत्यांचा जीव निवंल." तेव्हा हैबतराव जे बोलले ते सगळ्या भावकीनं ऐकलं. "मिठागरातली पोर तू. तुला वाल काय कळतात? तिच्या वालांना तुझा हात नको." सरू खारेपाटातली, पेणच्या खाडीकडची. बापाचं मिठागर, लहानपणापासून हातात मिठाचं फावडं. ती पदर खोचून पाटावरवंट्याकडं वळली आणि दिवसभर राबली. हैबतरावांना त्या वेळी आपण बरोबर बोललो असंच वाटलं होतं.

नाथा मेकॅनिक नऊच्या सुमाराला आला. हैबतराव फ्रीजचं दार उघडं धरून, कान आत घालून उभेच. "काका, असं दार उघडून काय ऐकताय? दार उघडलं की पंखा थांबतोच. हे बटण बघा," नाथा म्हणाला आणि चौकटीतलं बटण त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं. आत काही हललं नाही. मग त्यानं सगळं सामान बाहेर काढायला सांगितलं. सरूनं मटाराच्या पिशव्या काढल्या, सुक्या बोंबलांचं पुडकं काढलं, पण डब्याला हात लावला नाही. तो हैबतरावांनी काढला आणि छातीशी धरून ते ओट्याला टेकून राहिले. मागचं पत्र्यागत पांढरं झाकण स्क्रू काढून सुटं झालं. आत जाळीवर बर्फ दाटलेला होता आणि मधोमध मुठीएवढी मोटर, तिला छोटी पाती. नाथानं बोटानं पाती फिरवली. एक वेढा घेऊन ती अडली. "मोटर गेली. कंप्रेसर ठणठणीत हाय, गार होतंय, पण गारवा खाली ढकलणारा कोण नाय. म्हणून दूध नासलं." त्यानं मोटर सोडवली, उलटी केली, उजेडात धरली. "आणि ही आज नाय मेली. हिला आतून गंज हाय. हे बघा, इथपर्यंत पाणी उभं राहिल्याचा डाग हाय. सगळा बर्फ एकदम वितळतो ना, तेव्हा असं होतं. वादळातलं दिसतंय. तेव्हा इथं किती दिवस लाईट नव्हती?"

हैबतरावांना ठाऊक नव्हतं. वादळात ते रोह्यातल्या या घरी नव्हतेच. नाथानं प्रश्न सरूकडं पाहून विचारला होता.

"इथं लवकर आली," सरू म्हणाली. ती मटाराच्या पिशवीची गाठ सोडत होती. गाठ मुळात सुटलेलीच होती.

"लवकर? काय वैनी, तुमच्या गल्लीतला लाईटीचा डांब तर आडवा झालाता. मीच होतो ना इकडं. लोक मेणबत्त्यांना महाग झाले होते." आणि नाथा हसला. त्याला त्यात वावगं काही वाटायचं कारण नव्हतं. जुन्या मॉडेलची ही मोटर रोह्यात मिळणार नाही, पेणला स्टँडजवळ एक दुकान आहे, तिथं ही जुनी दाखवा, तश्शीच आणा, असं सांगून त्यानं झाकण पुन्हा टेकवलं. "डबा आत ठेवा नि दार उघडू नका. दुपारपर्यंत थंडावा धरील." शिवा पहिल्या पाळीला गेलेला. सरू म्हणाली, मी जाऊन येते पेणला. हैबतराव म्हणाले, "नको. मी जातो." तिच्याकडं न बघता म्हणाले.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत जुनी मोटर. गाडी कोलाडच्या बाजूला न वळता नागोठण्याच्या रस्त्याला लागली तसा हैबतरावांचा डावा पाय आपोआप क्लच दाबायला लागला. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांनी वर्षानुवर्षं चुकवला होता, आता दुसऱ्याच्या हाताखाली तेच खड्डे मुकाट खायचे. साधा हिशेब होता. वादळ झालं तेव्हा लाईट गेली. लाईट गेली म्हणजे फ्रीज बंद. जूनचा उकाडा, ओले सोललेले वाल. दोन दिवसांत आंबले असतील, चौथ्या दिवशी घरात उभं राहवलं नसेल. मग घरी परतल्यावर आपण जो डबा पाहिला, टणक, बर्फ धरलेला, तो कुठला? एवढं साधं गणित, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या पोराला सुटेल असं. आपल्याला इतकी वर्षं ते सुचलंच नाही. की सुचलं होतं आणि आपणच डोळ्यांवर कातडं ओढून बसलो? हैबतरावांना ते ठरवता येईना. नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थांबली, बाया टोपल्या घेऊन चढल्या, आणि त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. डब्यातले वाल जर तिचे नसतील, तर घरात तिचं म्हणावं असं काही उरलंच नाही. लुगडी गेली. आवाज कुणी भरून ठेवला नाही. तिनं हातानं केलेली, तिच्या बोटांखालून गेलेली एवढीच एक वस्तू जगात होती आणि तिच्या भरवशावर ते सकाळी उठत होते. कुणी म्हणेल, वालांच्या भरवशावर? तर व्हय, वालांच्या. माणूस कशाला धरून राहील सांगता येत नाही.

वादळात ते जोह्याला होते. तेरावं उरकल्यावर थोरले भाऊ म्हणाले, चार दिवस चल आमच्याकडं, तुला दुःखाचा विसर पडेल. चार दिवसांसाठी गेले आणि देशाला कुलूप लागलं. भावाच्या घराला लागून गणपतींचा कारखाना. त्या साली मागणी कसली, बंदीत कोण गणपती ठरवणार, तरी शाडूच्या मूर्ती करून ठेवलेल्या, रंग न दिलेल्या, फळीवर फळी, सगळ्या मातकट आणि डोळे नसलेल्या. हैबतराव तासन्‌तास त्यांच्यात बसून राहायचे. बोलायचं नव्हतं त्यांना कुणाशी आणि मूर्तीही बोलत नव्हत्या. मग वादळ आलं. कारखान्यावरचे पत्रे एकेक करून उचकटले गेले आणि आत पाऊस कोसळला. भावाची मुलं ताडपत्र्या घेऊन धावली, बाया मूर्ती छातीशी धरून घरात पळाल्या, पण किती उचलणार? हैबतराव दारात उभं राहून पाहत होते. आधी बोटं गेली, मग सोंडा, मग सगळं खाली बसलं. संध्याकाळी फळ्यांवर नुसता चिखल होता. भाऊ डोक्याला हात लावून बसलेले. त्या चिखलाकडं बघताना हैबतरावांना रोह्याचा फ्रीज आठवला नाही? आठवला होता. आता बसमध्ये त्यांना नक्की आठवलं की तो आठवला होता. त्यांनी त्या वेळी मान फिरवली आणि भावाला म्हणाले होते, चला, माती भरायला लागू.

वडखळच्या नाक्यावर गाडी नेहमीसारखी अडकली. अलिबागला जाणाऱ्या मोटारींची रांग, काकडीवाल्या, भाजलेल्या शेंगांचा वास. नोकरीत असताना इथं गाडी अडकली की हैबतराव डबा उघडायचे. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. कंडक्टर आधी त्यांच्या डब्यात हात घालायचा. म्हणायचा, वैनींच्या बिरड्यात दाणा न्‌ दाणा आख्खा असतो, आमच्याकडं नुसतं पिठलं होतं. तीच तर गिरजाची मिरास होती. जिते गावाकडचं माहेर तिचं, वालाच्या शेतातच वाढलेली. वालाला नख लावायचं नाय, ती सांगायची, नख लावलं की तो रुसतो, फुटतो. पाठीकडून नुसता दाबायचा, म्हणजे आपण होऊन सालीबाहेर येतो, मोडासकट. हे तिनं सरूलाही शिकवायला घेतलं होतं लग्नानंतर. सरूच्या अंगठ्यांना मिठानं पडलेल्या भेगा होत्या, तिला नुसतं दाबणं जमेना, ती नखानं ओरबाडायची आणि प्रत्येक दाण्याची डाळ करायची. गिरजा हसून म्हणाली, "राहू दे गो. मिठागराचे हात तुझे. तू खोबरं खव." तेव्हापासून सरूनं वालाची परात कधी पुढ्यात घेतली नाही. वडखळला गाडी अडकलेली असताना हैबतरावांना आणखी एक गोष्ट आठवली आणि ती त्यांना नको होती. बंदी सैलावल्यावर ते एका टेंपोतून घरी परतले तो दिवस. पाय न धुता ते आधी फ्रीजकडं गेले होते. दार उघडलं, डबा बघितला, त्याच्यावर हात ठेवला. सरू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. "काय झालं गो?" त्यांनी विचारलं होतं. "वादळानं अंगण भरलं होतं मामा, काचा उचलल्या," ती म्हणाली होती. त्यांनी बरं म्हटलं होतं.

पेणच्या दुकानात तशीच मोटर मिळाली. दुकानदारानं दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या, एकाच साच्यातल्या. "जुनी टाकून देऊ का?" त्यानं विचारलं. हैबतरावांनी ती पिशवीत परत ठेवली. शेजारीच पोह्याच्या पापडांचं दुकान. पेणला आलं की गिरजासाठी पापड न्यायचे हा रिवाज. ते पायरीपर्यंत गेले आणि माघारी फिरले. परतीच्या गाडीत त्यांनी ठरवलं की डबा उघडायचाच नाही. मोटर बसवायची, डबा कोपऱ्यात ठेवायचा, बर्फ धरू द्यायचा, विषय संपला. उघडला नाही तोवर तो तिचाच आहे. नागोठण्यापर्यंत हा बेत पक्का होता. नागोठणं सुटलं आणि त्यांना सरूवर राग यायला लागला. तिला कुणी सांगितलं होतं हे? नासलं, फेकलं, म्हणून सांगायचं होतं तोंडावर. रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. आपल्याला लहान पोरासारखं फसवलं आणि आपण भावकीसमोर त्या डब्याची राखण करत बसलो. पण रागाला बूड नव्हतं, तो टिकेना. सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. घरात कुणी जिवंत आहे की नाही हे न बघता फ्रीज बघायला धावलेला माणूस आपण. त्या पोरीनं काय करायचं होतं?

नाथा वाटच बघत होता. लाल-काळ्या वायरी जोडल्या, पाती बसवली, झाकण लावलं, बटण अंगठ्यानं दाबलं. "ऐका," तो म्हणाला. हैबतरावांनी ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. "हात धरा इथं." त्यांनी झाकणाच्या जाळीपुढं तळवा धरला, तर गार वारा बोटांमधून जायला लागला. पंखा फिरत होता, बिनआवाजाचा. कुणाचीही अडचण होणार नाही असा शहाणा पंखा. नाथा हत्यारं गोळा करून गेला. जाताना म्हणाला, "आता डबा ठेवा आत." डबा ओट्यावर होता. सरू फडक्यानं फ्रीजच्या भिंती पुसत होती आणि दोनदा पुसलेली जागा तिसऱ्यांदा पुसत होती. ती मागं वळून बघत नव्हती. हैबतरावांनी डबा उचलला, बाहेरच्या खोलीत खिडकीशी नेला, आणि नागोठण्यापर्यंतचा बेत मोडून झाकण काढलं.

बर्फ पाण्यात उतरला होता. त्यांनी बोटं बुडवून मूठभर वाल वर काढले. डाळी. सगळ्या डाळी. मधेच एखादा आख्खा दाणा, तोही नखानं खरवडलेला. काहींना साल तशीच चिकटलेली, काहींचा मोड तुटलेला. पाण्यात सालींचे तुकडे तरंगत होते. गिरजानं हे बघितलं असतं तर परात बाजूला सारून म्हणाली असती, काय गो ही दशा केलीस. हैबतरावांनी मूठ परत पाण्यात सोडली. आपण रडणार असं त्यांना वाटलं, पण रडू आलं नाही. त्यांना नुसतं फार दमल्यासारखं झालं. ती पुन्हा एकदा गेली होती आणि या वेळी मागं काही न ठेवता. आणि डोळ्यांपुढं ती येईना, येत होती ती सरू. लाईट नसलेल्या घरात, नासक्या वासाचा डबा घासून ठेवून, सुक्या वालांच्या डब्यातून वाल मोजून भिजत घालणारी. मोड यायची वाट बघणारी. मेणबत्तीशी बसून, येत नसलेलं काम, भेगा पडलेल्या अंगठ्यांनी, रक्त येईपर्यंत करणारी. आणि वर्षभरानं भावकीत उभी राहून ऐकून घेणारी, की तिच्या वालांना तुझा हात नको.

ते डबा घेऊन आत गेले. "सरू, ह्याचं बिरडं कर."

सरूच्या हातातलं फडकं थांबलं. "आत्यांचं हाय ते," ती म्हणाली.

"व्हय. तिचंच हाय. म्हणून तर म्हणतो. बर्फ गेला त्याचा, आता ठेवून काय करायचं? तू कर."

"मी?"

"मग कोण करणार गो घरात?"

तिनं फडकं ठेवलं आणि डबा घेतला. हैबतराव बाहेर येऊन बसले. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण ती काय करतेय हे त्यांना कळत होतं. ती परातीत पाणी घेऊन, त्यांच्याकडं पाठ करून, राहिलेल्या साली वेचत होती. त्यांनी रेडिओ लावला, उगाच, तिला सावकाश वेचता याव्यात म्हणून. मग हिंगाची फोडणी पडली, हळद पडली, थोड्या वेळानं आमसुलाचा आंबूस वास आला. शिवा शिफ्टवरून यायला अजून अवकाश होता. सरूनं ताट वाढून आणलं, भात, बिरडं, आणि एक वाटी वेगळी काढून भिंतीवरच्या तसबिरीखाली ठेवली. तसबिरीतली गिरजा सरळ समोर बघत होती. हैबतरावांनी भात कालवला. बिरड्याचं पिठलं झालं होतं. चव बरी होती. चव अगदी दुसऱ्याच कुणाच्या घरची होती. सरू दाराच्या चौकटीला धरून उभी होती, त्या दिवशी उभी होती तशीच.

"नीट झालंय ना, मामा?"

"झालंय."

दुसऱ्याच घासाला दाताखाली साल आली. जाड, कडवट, वालाची साल असते तशी. गिरजाच्या हातच्या बिरड्यात इतक्या वर्षांत त्यांना ती कधी लागली नव्हती. काढून ताटाच्या कडेला ठेवली असती तर सरूला दिसली असती. हैबतरावांनी ती चावली, गिळली, आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढं केलं.